नाशिकच्या काळ्या मातीत मेटल डिटेक्टर: कंपन्यांकडून नेमकं काय मागायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल येतं, किंमत वाढते, नाणं सापडण्याची खोली मात्र तेवढीच. कंपन्या झोपल्यात का?

खोलीपुरता दोष कंपन्यांचा कमी आणि भौतिकशास्त्राचा जास्त. कॉइलमधून, म्हणजे मशीनच्या टोकाच्या तारेच्या वेढ्यांच्या चकतीतून, निघालेलं चुंबकीय क्षेत्र खाली जाताना झपाट्याने विरळ होतं आणि नाण्यातून उठलेला प्रतिसाद वर येताना पुन्हा तसाच विरतो. मार दोन्ही वाटांवर बसतो. २८ सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलखाली २० सेंटिमीटरवर असलेलं नाणं ३० वर नेलं, तर सिग्नल साधारण सहापट घटतो. ४० वर नेलं, तर सत्तावीसपट.

मग ताकद वाढवावी, असं कुणालाही वाटेल. पण ताकद वाढली की मातीचा सिग्नलही त्याच प्रमाणात वाढतो. खरखरणाऱ्या रेडिओचा आवाज मोठा केला म्हणून गाणं स्पष्ट ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार. त्यामुळे खोक्यावर ‘२५ टक्के जास्त खोली’ छापलेलं दिसलं, की ती कुठल्या मातीत मोजली हे आधी विचारा. बहुतेक वेळा ती हवेत मोजलेली असते.

नाशिकच्या मातीत मशीन इतकं का बडबडतं? कोकणातल्या वाळूत तेच मशीन गुमान चालतं.

आपली जमीन दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. या दगडात मॅग्नेटाइट आणि टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे कण असतात. दगड झिजून काळी माती झाली, तरी कण तिच्यातच राहिले. खात्री करायची असेल तर छोटा निओडिमियम चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावरच्या कोरड्या मातीतून फिरवा. पिशवीला काळी मिशी फुटते. गोदावरीच्या पात्रातल्या वाळूत जे काळे पट्टे दिसतात, त्यातही हेच कण असतात.

हे कण दोन तऱ्हेचे त्रास देतात. मोठ्या कणांचा प्रतिसाद जोरदार असला तरी सरळ असतो, मशीन तो वजा करू शकतं. अतिसूक्ष्म कण मात्र चुंबकीय क्षेत्र बदलल्यावर किंचित उशिराने शांत होतात आणि हा उशीर धातूसारखाच भासतो. भाजलेल्या मातीत असे कण वाढतात. म्हणून जुन्या चुलीची जागा, वीटभट्टीचा आवार, कौलांचे तुकडे पडलेलं परसदार इथे मशीन सगळ्यात जास्त फसवतं.

आयात मशीनच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये अशा मातीचा विचार क्वचितच असतो. हौशी लोकांची पहिली मागणी इथूनच सुरू व्हायला हवी.

ग्राउंड बॅलन्स केला तरी फरक पडत नाही. काय चुकतं?

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा सिग्नल मशीनला वजा करायला लावणं, करताना बहुधा जागा चुकते. स्वच्छ जागा शोधण्यासाठी आधी ऑल-मेटल मोडमध्ये एक मीटर लांबी-रुंदीचा तुकडा तपासा. डिस्क्रिमिनेशन (नको असलेले धातू गाळणं) चालू ठेवून तपासलं तर खिळा दडून राहतो आणि बॅलन्स त्या खिळ्यावर बसतो. मग कॉइल जमिनीला समांतर धरून ३ ते २५ सेंटिमीटर या टप्प्यात वर-खाली पंप करा. कॉइल जमिनीला टेकवू नका. ऑटो बॅलन्सनंतर आकडा लिहून ठेवा, पाच पावलं पुढे जाऊन पुन्हा करा. दोन आकड्यांत मोठा फरक आला तर माती एकसारखी नाही, आणि अशा जागी ट्रॅकिंग मोड (मशीन स्वतःच बॅलन्स बदलत राहतं) जास्त बरा. एकाच ठिकाणी बारीक सिग्नल तपासताना मात्र ट्रॅकिंग बंद ठेवा, नाहीतर दोन-चार फेऱ्यांत मशीन नाण्यालाच माती समजून गिळतं.

दुसरी चूक सेन्सिटिव्हिटीची. काळ्या मातीत ती कमाल ठेवली तर खोली वाढत नाही, घटते. रिसीव्हर मातीनेच भरून जातो. बडबड थांबेपर्यंत ती खाली आणा आणि मग एक पायरी वर. कॉइल डीडी प्रकारची (आत डी आकाराच्या दोन कॉइल असलेली) घ्या, कारण ती मातीचा अरुंद पट्टा पाहते. तरीही जमलं नाही तर १५ सेंटिमीटरची छोटी कॉइल लावा. ऐकायला उलटं वाटतं, पण खराब मातीत छोटी कॉइल नाणं जास्त खात्रीने दाखवते.

बेसॉल्टचा एखादा गोटा नाण्यासारखा वाजला तर कॉइल पाच-सात सेंटिमीटर वर उचला. दगडाचा आवाज चटकन मरतो, खोलवरच्या धातूचा हळूहळू. मग नव्वद अंशांत फिरून दुसऱ्या दिशेने स्वीप घ्या, म्हणजे कॉइल डावी-उजवी फिरवा. दोन्ही दिशांनी पडद्यावरचा धातू ओळखायचा आकडा टिकला तरच खणा.

एक रुपयाचं नाणं मशीन लोखंड म्हणून दाखवतं. मशीन बिघडलंय का?

मशीनचं बरोबर आहे, नाणंच लोखंडी आहे. १९८८ पासून १०, २५ आणि ५० पैशांची, १९९२ पासून १ रुपयाची आणि २००५ पासून २ रुपयांची नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची निघाली. हे स्टील चुंबकाला चिकटतं. गोदाकाठी दोरीला चुंबक बांधून पाण्यातली नाणी काढणारी पोरं हे कुठल्याही मॅन्युअलशिवाय जाणतात.

डिस्क्रिमिनेशनने लोखंड बंद केलं की ही नाणी गायब होतात. चालू ठेवलं तर आकडा कधी लोखंडाच्या पट्ट्यात, कधी एकदम वर उड्या मारतो, कारण नाणं सपाट चकती आहे आणि तिच्यात भोवरी प्रवाहही फिरतो. १९९२ नंतरचं जाड तांबे-निकेल पाच रुपयाचं नाणं आणि २००९ पासूनचं पितळी पाच रुपयाचं नाणं मात्र नीट वाजतात. ॲल्युमिनियमची जुनी दहा-वीस पैशांचीही चांगली वाजतात.

आता कंपन्यांचं पाहा. मॅन्युअलमधला टार्गेट आयडीचा (धातू ओळखायच्या आकड्यांचा) तक्ता निकेल, डाइम, क्वार्टर अशा अमेरिकी नाण्यांवर बेतलेला. भारतीय नाण्यांचा तक्ता फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकायला नवं संशोधन लागत नाही. वीस-पंचवीस नाणी, एक कर्मचारी, एक दुपार. त्याच्याही पुढची मागणी अशी, की एकाच आकड्याऐवजी लोहपणा आणि वाहकता हे दोन वेगळे अक्ष पडद्यावर द्यावेत. हे काही आभाळातून तारे तोडून आणणं नाही. ऑस्ट्रेलियाच्या मायनलॅब कंपनीच्या २०१२ च्या सीटीएक्स ३०३० वर असा पडदा होता. स्वस्त मशीनपर्यंत तो येत नाही, एवढंच दुखणं.

शेतात मंगळसूत्र पडलं. अंगठी लगेच सापडते, मग साखळीच का सापडत नाही?

अंगठी म्हणजे बंद कडं. तिच्यात प्रवाहाला गोल फिरायला पूर्ण वाट मिळते, म्हणून लहानशी अंगठीही ठणठणीत वाजते. साखळीत प्रत्येक कडी दुसरीला नुसती टेकलेली असते. मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते. मंगळसूत्राचे काळे मणी काचेचे, त्यांचा काही उपयोग नाही. दिसल्या तर वाट्या दिसतात, आणि साखळी अडकवायचा फाशाचा एस.

म्हणून शोध वाट्यांचा घ्यायचा. जास्त फ्रिक्वेन्सी वापरा, २० किलोहर्ट्झच्या वरची मिळाली तर उत्तम. लोखंड सोडून सगळं डिस्क्रिमिनेशन काढा. छोटी कॉइल मातीपासून दोन सेंटिमीटरवर, अगदी सावकाश, आणि प्रत्येक स्वीप आधीच्यावर अर्धा चढवून. नथीच्या बाबतीत फार आशा धरू नका. बारीक उघडी तार आणि मोती, मशीनला जवळजवळ काहीच मिळत नाही. तिथे चाळणी बरी.

द्राक्षबागेत मशीन चालवताच येत नाही.

वेलींच्या वाय आकाराच्या सांगाड्याचे लोखंडी अँगल, वरच्या जीआय (जस्त चढवलेल्या) तारा, अँकर, तुटून पडलेल्या तारांचे तुकडे: बाग म्हणजे धातूचं जाळं आहे. अँगलपासून मीटरभर लांब राहा, ओळीच्या मधल्या पट्ट्यात तारेला समांतर स्वीप घ्या आणि कॉइल छोटी वापरा. स्वीपच्या टोकाला कॉइल वर उचलायची सवय असेल तर ती मोडा, कारण वरची तार तिथेच पकडली जाते.

ठरावीक अंतराने, सेकंदाला एकदा टक-टक असा आवाज येत असेल तर तो मातीतून येत नाही. शेजारच्या शेतातलं कुंपणाचं झटका मशीन ते. मालकाला सांगून तेवढा वेळ बंद करून घ्या. महावितरणच्या लाइनखाली किंवा मोटार चालू असताना सतत गुणगुण आली तर नॉइज कॅन्सल (विजेचा गोंगाट टाळणारं सेटिंग) चालवा. त्या वेळी कॉइल जमिनीपासून कंबरभर उंच आणि स्थिर धरा.

पीव्हीसी पाइपलाइन शोधायला डिटेक्टर घेऊ नका, प्लॅस्टिक त्याला दिसत नाही. पुढच्या वेळी पाइप गाडताना सोबत एक साधी तांब्याची वायर सोडून द्या, म्हणजे पुढे तिच्यावरून पाइप शोधता येईल.

‘मल्टी-फ्रिक्वेन्सी’ म्हणजे निव्वळ जाहिरात?

निव्वळ नाही, पण शब्द सैल वापरला जातो. एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी, फक्त ती बदलता येते, यालाही काही विक्रेते मल्टी म्हणतात. खरा फायदा एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडण्यात आहे. माती आणि नाणं वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला वेगवेगळं उत्तर देतात, त्या उत्तरांची वजाबाकी करून मातीचा वाटा काढता येतो.

हे तंत्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. ते बराच काळ महागड्या मशीनपुरतं राहिलं. मायनलॅबचं इक्विनॉक्स २०१८ मध्ये बाजारात आलं, तेव्हा ते मधल्या किमतीत उतरलं. २०२२ मध्ये तुर्कस्तानच्या नोक्ताने लेजेंड आणलं आणि किमतीवर आणखी दाब आला. मधल्या काळात अमेरिकेची व्हाइट्स ही जुनी कंपनी २०२० मध्ये बंद पडली. नवं का येत नाही याचं अर्धं उत्तर इथे आहे: कंपन्या मोजक्या, ग्राहक थोडे, आणि पेटंट वीस वर्षांचं. स्पर्धक आला की मात्र बंद कपाटातल्या गोष्टी पटापट बाहेर येतात.

बॅटरी, कॉइल, दुरुस्ती यांचं काय?

खरी तक्रार इथेच आहे. सर्किट उत्तम चालतं आणि मशीन बॅटरीमुळे भंगारात जातं. बऱ्याच नव्या मशीनमध्ये लिथियम सेल डब्यात सीलबंद असतो. सेल फुगला किंवा थकला की डबा उघडायचा, म्हणजे जलरोधक सील गेलं. त्याऐवजी १८६५० आकाराचे दोन सेल, ओ-रिंगचं झाकण आणि आत साधी स्प्रिंग पुरते. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीत मशीन ठेवू नका. ठेवलंच असेल तर थंड होईपर्यंत चार्जिंगला लावू नका. लिथियम सेलला साधारण ४५ अंशांच्या वर चार्जिंग सोसत नाही.

कॉइलचं दुखणं वेगळं. काही कंपन्या कॉइलमध्ये ओळख पटवणारी चिप घालतात. दुसऱ्या कारखान्याची कॉइल लावली की मशीन नकार देतं. केबल तुटली तर नवी कॉइल, मग कस्टम ड्यूटी, मग आयजीएसटी, मग आठवडेच्या आठवडे वाट. प्रत्यक्षात बहुतेक वेळा केबल कनेक्टरजवळच्या वळणावर तुटलेली असते. कॉइल शाफ्टला बांधताना तिथे बोटभर सैल वेटोळं ठेवलं तर ती वर्षानुवर्षं टिकते.

ब्लूटूथ हेडफोन लावला की नाण्याची जागा चुकते.

साध्या ब्लूटूथला दीड-दोनशे मिलिसेकंद उशीर असतो. हात सेकंदाला एक मीटर वेगाने फिरत असेल तर १५० मिलिसेकंदांत कॉइल १५ सेंटिमीटर पुढे गेलेली असते. कमी उशिराच्या कोडेकमध्ये (आवाज पाठवायच्या पद्धतीत) हाच फरक चारेक सेंटिमीटरवर येतो, आणि तो हाताला सवयीने जमतो. नाहीतर सरळ वायरचा हेडफोन वापरा. वायरची खोबण काढून टाकणाऱ्या मॉडेलना आमचा विरोध आहे.

पाण्याखाली वायरलेसचा भरवसा धरू नका, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं. फ्रेंच कंपनी एक्सपीने कॉइलच वायरलेस केली, ती खरोखर नवी कल्पना होती. तरी पाण्यात उतरताना तिलाही कॉइलपासून रिमोटपर्यंत अँटेनाची वायर ओढावी लागते.

घरी पल्स इंडक्शन डिटेक्टर करता येईल का?

येईल, आणि कंपन्यांशी बोलण्याआधी एक तरी करून पाहावा. हा डिटेक्टर क्षेत्राचे ठोके सोडतो आणि मधल्या शांततेत धातूचा प्रतिसाद ऐकतो. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतात. कॉइलसाठी ०.५ मिलिमीटर इनॅमल तांब्याची तार, २६ सेंटिमीटर व्यास, २५ वेढे. तार सुमारे साडेवीस मीटर लागते, रोध १.८ ओहमच्या आसपास आणि इंडक्टन्स ४०० मायक्रोहेन्रीच्या जवळ येतो. चालवायला आयआरएफ ७४० मॉस्फेट (झटपट चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), पुरवठा तीन १८६५० सेल एकसर जोडून.

नापास होणाऱ्या बऱ्याच जोडण्या डॅम्पिंग रेझिस्टरवर अडतात, म्हणजे कॉइलला समांतर लावलेल्या, तिची लाट शांत करणाऱ्या रेझिस्टरवर. ठरावीक किंमत लावू नका. ३३० ओहमच्या मागे १ किलो-ओहमचं ट्रिमपॉट एकसर लावा, ऑसिलोस्कोपवर कॉइलचा व्होल्टेज पाहा. लाट डुलत असेल तर रोध जास्त आहे, फार आळसून खाली येत असेल तर कमी. न डुलता सर्वांत लवकर शांत होणारी जागा सापडली की तेवढाच कायमचा रेझिस्टर टाका. केबलची लांबी बदलली की हे पुन्हा करावं लागतं.

कॉइलला ॲल्युमिनियम फॉइलचं कवच देताना एक सेंटिमीटरची फट ठेवा. फट विसरलात तर फॉइलचं बंद कडं होतं आणि मशीन स्वतःलाच सापडतं.

कंपनीला तक्रार कशी लिहायची, म्हणजे उत्तर येईल?

‘आमच्याकडे चालत नाही’ या वाक्याला उत्तर येत नाही. मोजमाप पाठवा.

नाणी मातीत पुरून लगेच चाचणी घेतली तर निकाल चुकतो, कारण उकरलेली माती भुसभुशीत असते. त्याऐवजी ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ४५ अंशांत तिरका रोवा. नाण्याच्या वरची माती न उकरलेली राहते. पाइपमध्ये नाणं १४ सेंटिमीटर आत ढकललं की खोली १० होते, २८ आत ढकललं की २०, ३५ आत ढकललं की जवळपास २५. नाणं आडवं बसावं म्हणून लाकडी दांडीच्या टोकाला ४५ अंशांची खाच करून त्यात ते चिकटवा. रबर किंवा खिळा वापरू नका, डिंक वापरा. पाइपच्या तोंडाला बूच, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी साचतं.

प्रत्येक खोलीवर दहा फेऱ्या, दोन दिशांनी. किती वेळा वाजलं आणि आकडा कुठून कुठे गेला हे लिहा. सोबत मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, कॉइल, सेन्सिटिव्हिटी, ग्राउंड बॅलन्सचा आकडा, माती ओली की कोरडी. हाच प्रयोग मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये केला, तर कंपनीच्या इंजिनिअरला हाती न येणारी गोष्ट तुम्ही त्याला देता. शेवटी एकच मागणी ठेवा. दहा मागण्यांचं पत्र विक्री विभागात जातं, एका मागणीचं इंजिनिअरकडे.

तीस फूट खोलचं सोनं दाखवणारं ‘लाँग रेंज’ मशीन मिळतं म्हणे?

मिळतं, चालत नाही. दोन हलणाऱ्या दांड्या आणि एक दिवा, एवढाच ऐवज. पहिल्या प्रश्नातला हिशेब पुन्हा वाचा. अशी मशीन ‘गुप्तधन’वाल्यांच्या तोंडून विकली जातात. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे विकणाऱ्याला आठवण करून द्या.

जुनी नाणी सापडली तर ठेवता येतात का?

परस्पर नाही. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ नुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पांडवलेणी, सिन्नरचं गोंदेश्वर, त्र्यंबकेश्वर अशा संरक्षित स्मारकांच्या आसपास मशीन घेऊन फिरूच नका. शंभर मीटर प्रतिबंधित आणि पुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र असतं.

कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधं आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला होता. कोण जिंकलं हे त्या प्रमाणावरून कळलं. साठा पाच जणांनी वाटून घेतला असता तर प्रमाण गेलं असतं आणि इतिहासही. जुन्या नाण्यांची ओढ असेल तर अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय जवळच आहे.

कंपन्यांकडे याबाबतही एक मागणी आहे: सापडल्याची जागा, खोली आणि वेळ खुल्या फाइलमध्ये नोंदवता यावी, जी कुठल्याही संगणकावर उघडेल.

देवळालीच्या बाजूला मोकळं रान आहे, तिथे चालेल?

नाही. तिथे तोफखान्याच्या सरावाची मैदानं आहेत, न फुटलेला गोळा डिटेक्टरला साध्या लोखंडासारखाच वाजतो. कुठेही नळकांड्यासारखी जड, गंजलेली वस्तू दिसली तर हात लावू नका, पिनपॉइंटरही (हातातला छोटा डिटेक्टर) बंद करा, आल्या पावली मागे फिरा आणि ११२ ला फोन करा.

असं मशीन इथेच का बनत नाही?

भारतात दारातल्या चौकटी, हातातली सुरक्षा यंत्रं आणि अन्नप्रक्रियेच्या पट्ट्यावरचे डिटेक्टर बनतात. हौशी वापराची मशीन बहुतेक आयात होतात. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही छोट्या कारखान्याने पूर्ण मशीनच्या मागे लागू नये. सुरुवात कॉइलपासून करावी: १५ सेंटिमीटरची डीडी, वजन तीनशे ग्रॅमच्या आत, इपॉक्सी भरताना वेढे हलू नयेत म्हणून दोन टप्प्यांत भरलेली. पहिल्या थरानंतर दोन्ही कॉइलचा समतोल पुन्हा तपासायचा, मगच दुसरा थर. इपॉक्सी तापून वेढे केसभर सरकले तरी समतोल बिघडतो, आणि बाजारातल्या स्वस्त कॉइल नेमक्या तिथेच फसतात.